आठ तासांची लाईट

बारा डिसेंबर. कांद्याची रोपं उपटायचं काम. उपटायची, माती झटकायची, मूठभर रोपांची जुडी बांधायची, मुळ्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवायच्या आणि जुड्या पाटीत उभ्या लावून वाफ्याच्या कडेला नेऊन ठेवायच्या. पुढचं काम टोळीचं. मांडवगण फराट्याहून अकरा बायका टेम्पोनं आमच्या निमोण्यात येतात, आठ वाजता वाफ्यात उतरतात आणि लागणीला बसायच्या आधी एक फोन डब्याच्या पिशवीला टेकवून गाणी लावतात. पूर्वी बायका स्वतः गायच्या, आता फोन गातो, असं म्हणून उसासे टाकणारे पुष्कळ लोक मला माहीत आहेत. मी टाकत नाही. दिवसभर उकिडवं बसून रोपं लावणाऱ्या बाईनं वर गाणंही म्हणावं, ही अपेक्षा बांधावर उभं राहणाऱ्यांचीच असते.

त्या दिवशी फोनवर दोन हळदीची गाणी झाली, एक देवाचं झालं, मध्ये साबणाची जाहिरात झाली. मग फोननं आपल्या मनानं पुढचं गाणं लावलं. आधी नुसती एक तार वाजली. तुंई. थोडं थांबून परत तुंई. मग बाईचा आवाज, जाडसर, कसलीच घाई नसलेला.

लाईट आली, बाई, लाईट आली,
आठ तासांची घाई झाली.
उसाचं पान हाललं, बाई,
मागं कोण चाललं?

मी पाटी खाली ठेवली. टोळीची मुकादम शांताबाई पहिल्या वाफ्यात होती. तिला म्हटलं, "कोण म्हणतंय हे? चुकीचं म्हणतंय."

"काय चुकीचं, वैनी?"

"लाईट नाही ते. पुनव आहे. पुनव आली, बाई, पुनव आली. पुस्तकात आहे."

शांताबाईचे हात थांबले नाहीत. "पुस्तकात आसंल. पर गानारनीलाच म्हाईत न्हाई व्हय तिचं गानं?"

"कोण गाणारीण?"

"आवं, जरीना. आमच्या पिंजाऱ्याची. तुमच्याच रानात तर केलंय तिनं हे, हितंच बसून. आता अल्बम काढलाय की तिनं. आठ गानी हायती. तुमाला न्हाई व्हय म्हाईत?"

पलीकडच्या पातीतली एक हसली. "वैनीला कुटलं म्हाईत? वैनी तवा वरडत हुत्या, तोंड आवर, हात चालव."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते. पण ज्या पुस्तकाचा दाखला मी दिला होता, त्यात ते गाणं मीच घातलेलं होतं. गाण्याच्या डोक्यावर 'पुनव आली' असं नाव, खाली कंसात 'पारंपरिक', आणि त्याखाली संकलन म्हणून माझं नाव.

हे पुस्तक कसं झालं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका मंडळाला वाटलं, की आपल्या भागातल्या बायकांची गाणी लुप्त होत चालली आहेत, ती जमवावीत. मी बी.ए. झालेली, अक्षर बरं, स्कूटी चालवते, म्हणून निमोणे आणि आसपासची गावं माझ्याकडे आली. मी कामाला लागले की नीट लागते. वही घेऊन घरोघर फिरले. लाईटचं हे गाणं मला तीन गावांत तीन बायकांकडून मिळालं. तिघींना विचारलं, हे कुठून आलं? एक म्हणाली, आमच्या आजीपासून हाय. दुसरी म्हणाली, आजीपासून. तिसरी म्हणाली, सासूच्या आजीपासून.

आमच्याकडे ही रीतच आहे. दोन-चार बायकांच्या तोंडी गाणं बसलं, की ते आजीचं होतं. आपलं म्हणायची लाज वाटते, दुसरीचं म्हणवत नाही, आजी मेलेली असते, ती काही तक्रार करत नाही. तिघीही खोटं बोलत नव्हत्या. गाणं हातात आलं तेव्हा त्यावर कोणाचं नाव नव्हतं, आणि नाव नसलेलं सगळं आजीचं, असा त्यांचा साधा हिशेब.

माझा हिशेब साधा नव्हता. मी शिकलेली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. ते वही चाळताना म्हणाले, "आजीच्या काळात कुठली लाईट? मूळ शब्द वेगळा असणार. मागाहून कोणीतरी घुसडलाय." मला ते एकदम पटलं. घरी येऊन मी दोन दिवस डोकं लावलं आणि लाईटच्या जागी पुनव बसवली. चालीत चपखल बसली. 'आठ तासांची घाई झाली' ही ओळही त्यामुळे निरर्थक झाली, तिचं मी 'मनाला माझ्या घाई झाली' केलं. सर म्हणाले, "वा, हे मूळ रूप." मला काय आनंद झाला होता! हरवलेला दागिना सापडावा तसा.

आजीकडे लाईट नव्हती. म्हणजे गाणं आजीचं नाही. सरळ होतं. शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. मी मात्र गाणं आजीचंच धरलं आणि लाईट काढून टाकली.

आता जरीनानं गाणं केलं तो हंगाम आठवायला हवा, पुस्तकाच्या चार-पाच वर्षं आधीचा. इतकी वर्षं मी तो कामासारखाच आठवत आले. दोन एकर कांदा, यांचा पाय प्लॅस्टरमध्ये, एवढंच. मोटरसायकल घसरून माझ्या नवऱ्याच्या पायाचं हाड मोडलं ते नोव्हेंबरच्या शेवटी, आणि लागण तोंडावर. त्या वेळीही मांडवगणचीच टोळी होती. त्यात एक नवी मुलगी होती, बाविसेक वर्षांची. रांजणगावच्या कंपनीतलं काम सुटलं म्हणून मावशीसोबत लागणीला आलेली. काळ्या चपला बांधावर एकाला एक चिकटवून ठेवायची, ओढणी कानांवरून घट्ट बांधायची. बाप गाद्या भरायचा. तयार गाद्या आल्या आणि त्याचं पिंजण, कापूस पिंजायचं तारेचं धनुष्य, घरात खिळ्याला टांगलं गेलं.

हात चांगला होता तिचा. पण बोटांबरोबर तोंड चालायचं. रोप टेकवलं, अंगठ्यानं दाबलं, दाबलं, सरकली. त्या दाबण्यावर ती काहीतरी पुटपुटायची. परत मागं जाऊन तेच पुटपुटायची, एखादा शब्द बदलून. मी बांधावरून ओरडायचे. मला ती बाई गाणं करतेय हे कळलं नाही. गाणं करताना माणूस कसा दिसतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. गाणी छापून येतात किंवा आजीकडून येतात, एवढंच मला ठाऊक. लागण करता करता कोणी गाणं करत असेल तर ते कामचुकारपणासारखंच दिसतं.

दुपारी बायका जेवायला बसल्या, की मी त्यांच्यात बसायचे. जागरणानं डोकं चढलेलं असायचं. आमच्याकडे शेतीची लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाय मोडलेल्या माणसाला रात्री दारं धरायला, पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, पाठवता येत नाही. मुलगा तेव्हा पुण्याला शिकायला. म्हणून मी जायचे. दोन्ही बाजूला ऊस, मधून पाट, हातात बॅटरी. बिबट्या तेव्हाही होता. कोणाचं कुत्रं नेलं, कोणाचं वासरू नेलं, हे रोजचं. मी जेवणाची ताटली आणि उलथनं घेऊन जायचे आणि एका दाऱ्यापासून दुसऱ्या दाऱ्यापर्यंत ती वाजवत चालायचे. हे मी बायकांना हसत हसत सांगायचे. कसं उलथनं वाकलं, कशी एकदा ताटलीच पाटात पडली. सगळ्या हसायच्या. ती मुलगी हसायची नाही. भाकरी हातात धरून माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, मंद आहे.

बारा तारखेला दुपारी टोळी जेवायला बसली तेव्हा मी कोपऱ्यावरच्या बाभळीखाली गेले आणि स्वतःच्या फोनवर तो अल्बम काढला. नाव 'आठ तासांची लाईट'. आठही गाणी ऐकली. शांताबाई मध्ये एकदा हाका मारून गेली, की वैनी, जुड्या संपल्या. मी म्हटलं, संपू देत.

मला संगीतातलं कळत नाही, म्हणून जे ऐकलं तेवढंच सांगते. ती तुंई वाजणारी तार म्हणजे बापाचं पिंजण. खिळ्यावरून काढून तिनं ते वाद्य केलंय. सोबत कोणीतरी गिटार वाजवतंय, पण दबकत, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं. एका गाण्यात मध्येच मालगाडीचा भोंगा येतो आणि ती तो जाईपर्यंत थांबते, मग पुढची ओळ घेते. दौंडात खोली घेऊन रेकॉर्ड केलंय म्हणे, तिथं गाड्यांपुढे कोणाचं चालतं? एक गाणं तिसऱ्या पाळीच्या कंपनीच्या बसचं आहे, ज्यात पोरी खिडकीला डोकं टेकून झोपतात आणि प्रत्येकीच्या डोक्याचा तेलकट ठिपका काचेवर राहतो. एक शिरूरच्या स्टँडवर दोन तास एसटीची वाट बघणाऱ्या बाईचं. बस येते तेव्हा ती म्हणते, आता मला जायचंच नाही. हे ऐकून मी एकटीच मोठ्यानं हसले. दोन गाणी मला आवडली नाहीत, उगाच लांबली आहेत. बाकीची सहा, मी छातीवर हात ठेवून सांगते, आमच्या पुस्तकातल्या सगळ्या पानांपेक्षा जास्त खरी आहेत. आणि ऐकलीत किती जणांनी? आमच्या गावातल्या एका हळदीला याहून जास्त माणूस जेवतं.

तिच्या गावात अशाच हळदींना तिला बोलावतातही, हे शांताबाईनं मागाहून सांगितलं. आमची जरीना लई छान गाती, असं पाहुण्यांना सांगतात. मग तिनं तोंड उघडलं की म्हणतात, ते तुझं नको, पिक्चरमधलं म्हण. अर्ध्या तासानं डीजे सुरू होतो आणि तिला वाढायला घेतात.

सगळ्यात शेवटी मी तेच गाणं परत लावलं. सकाळी ते अर्धंच ऐकलं होतं. मला तिघींकडून एकच कडवं मिळालं होतं. अल्बमवर दुसरंही आहे.

ताटली वाजे, उलथनं वाजे,
अंधार सारा कान देई.
सकाळी पुसती, पाणी पोचलं का?
बाई पोचली का, पुसत न्हाई.

मी भावुक बाई नाही. यांच्या आईच्या दहाव्यालासुद्धा मी स्वयंपाकघरात होते. पण बाभळीखाली बसून मला इतका राग आला, की हातातल्या जुडीची रोपं चुरगळली. चांगली रोपं होती.

ते गाणं माझं होतं. त्या रात्री माझ्या होत्या. मी त्या हसण्यावारी नेल्या, एका परक्या मुलीनं त्या नीट उचलल्या, आणि मग मीच वही-पेन घेऊन गेले आणि त्यांच्यावर चंद्र काढून ठेवला. रात्री उसात दारं धरलेल्या बाईला विचारा चंद्राचं. दोन पुरुष उंचीच्या उसात पौर्णिमा असो की अमावास्या, पायाखालचा पाट दिसत नाही. मला हे माहीत होतं. माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि तरी कागदावर आल्यावर मला वाटलं, गाण्यात पुनवच शोभते. लाईट, मोटर, स्टार्टर, बिबट्या हे सगळं जगायला चालतं, जतन करायला चालत नाही. जतन करायचं तर त्याला आधी धुऊन पुसून जुनं करायचं.

संध्याकाळपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. घरी येऊन आधी यांना ते कडवं ऐकवलं. हे गव्हाचं बियाणं मोजत होते.

"तुम्ही विचारलं होतं का कधी, मी पोचले का म्हणून?"

"कधी?"

"पाय मोडला होता तेव्हा. रोज सकाळी विचारायचात, पाणी पोचलं का."

"तू तर समोरच उभी असायचीस," हे म्हणाले. "समोर उभ्या असलेल्या बाईला काय विचारायचं, पोचलीस का?"

माणूस वाईट नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. त्यानंच जास्त राग येतो.

मग सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "ताई, लोकगीताला कवी नसतो. हीच तर त्याची थोरवी."

"कवी आहे, सर. मांडवगणची आहे. तिच्या बापानं तुमच्याही घरच्या गाद्या भरल्या असतील."

"असेल. पण एकदा लोकांच्या मुखी बसलं की ते लोकांचं झालं. नावाचा हव्यास कशाला?"

"मग तुमच्या प्रस्तावनेखाली तुमचं नाव का आहे? फोटोसकट?"

सर म्हणाले, "तुम्ही आज चिडलेल्या दिसता."

"हो. चिडलेच आहे."

"दुसऱ्या आवृत्तीत बघू."

"ती कधी?"

"पहिली संपली की."

पहिलीचे गठ्ठे मंडळाच्या कपाटात सुतळीसुद्धा न सोडता पडलेत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

'पारंपरिक' हा शब्द मी त्या पुस्तकात किती वेळा लिहिला असेल! सन्मानाचा शब्द म्हणून लिहायचे. आता वाटतं, गावात बेवारस जनावर सापडलं की त्याला कोंडवाड्यात घालतात, तसा तो शब्द आहे. मालक कोण, हे विचारायचे कष्ट घ्यायचे नसले की आत ढकलायचं आणि कडी लावायची. पुरुषानं पोवाडा केला तर शेवटच्या ओळीत तो स्वतःचं नाव घालतो, वर गावाचं आणि गुरूचंही घालतो. बाईनं केलं की परंपरा. त्या पुस्तकात मी आणखी किती जणींना कोंडून आलेय, हे आता मला कसं कळायचं? त्यातली कितीक गाणी आजीची नव्हेत, साठीच्या आतल्या बायकांची असतील, आणि त्या माझ्यासमोर बसून गप्प राहिल्या असतील, कारण मी वहीत 'आजीपासून' लिहून मोकळी झाले होते.

फोन ठेवून गाण्याखालचा मजकूर वाचला. दोघांनीच लिहिलेलं. एकानं फुलांची चित्रं टाकलेली. दुसऱ्यानं लिहिलेलं: हे पारंपरिक लोकगीत आहे. गायिकेनं शब्द बिघडवले आहेत. मूळ शब्द 'पुनव' असा आहे. पुढे आमच्या पुस्तकाचं नाव आणि पान.

यांना म्हटलं, टोळीला तुम्ही बघा. शांताबाईकडून जरीनाचा पत्ता आणि नंबर घेतला आणि दुपारच्या एसटीनं दौंडला गेले.

भीमेचा पूल ओलांडला की दौंड लागतं. स्टँडपासून जवळच एका खासगी दवाखान्यात ती काउंटरवर केसपेपर लिहिते. काचेत एक अर्धगोल भोक, त्यापुढे रांग. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तिनं वर न बघता विचारलं, "नाव सांगा."

"जरीना, मी निमोण्याहून आले."

तिनं वर बघितलं. लगेच ओळखलं. "काकू, तुम्ही? कोण ॲडमिट हाय?"

"कोणी नाही. तुझ्यासाठीच आले."

"थांबा जरा. आबा, या पुढं. नाव सांगा. वय? उभं ऱ्हाऊ नका, तिकडं बसा, हाक मारते मी."

तिच्याकडे वेळ नव्हता आणि माझ्याकडे भाषण नव्हतं. भोकाच्या बाजूला उभं राहून, येणाऱ्या पेशंटच्या मध्ये मध्ये मी सांगितलं. म्हटलं, "ते पुस्तक मी केलंय."

"म्हाईत हाय. नाव हाय की तुमचं."

"मग मला फोन का नाही केलास?"

"काय म्हणू फोनवर? काकू, माझं गाणं माघारी द्या? तुम्ही म्हणला असता, कोण गं तू?"

ते खरं होतं. मी तेच म्हटलं असतं.

मग तिनं सांगितलं. रागानं नाही, केसपेपरवर लिहितात तसं. पुण्यात एका कार्यक्रमासाठी गाणाऱ्या मुली निवडत होते. अट एकच, गाणं स्वतःचं पाहिजे. ती हेच म्हणाली, कारण हेच तिला सगळ्यात आपलं वाटतं. "संपल्यावर तिथल्या बाईंनी तुमच्या पुस्तकाचं पान दाखवलं. म्हणल्या, हे तर पारंपरिक हाय, आन् तू शब्द बी बिघडवलेत. मग म्हणल्या, बाकीची सात तरी तुझी हायती का? आता काय सांगायचं? त्यांच्याकडं छापलेलं पुस्तक, माझ्याकडं नुसतं तोंड."

"मी त्यांना पत्र लिहिते."

"निवड झाली काकू. माणसं गेली घरी." तिनं एका बाईला औषधाच्या खिडकीकडे हात दाखवला. "रविवारी मी ते गाणं काढून टाकणार हाय अल्बमवरनं. त्या एकापायी बाकीची सात चोरीची ठरत्यात. सात तरी ऱ्हाऊ देत."

"काढू नकोस."

"का? तुम्हाला आवडलं म्हणून?"

"त्यात मी आहे."

"त्यात हाय तुम्ही," ती म्हणाली. "पुस्तकातल्यात न्हाई. पुस्तकातल्या बाईच्या मागं बिबट्या न्हाई, काकू. तिच्या मागं तिचा यार चालतोय."

मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं दचकून आम्हा दोघींकडे बघितलं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"माझ्यापाशी काय म्हणताय? मला म्हाईतच हाय, कुणाची ती. ज्यांना चुकीचं शिकवलं त्यांच्याकडं जावा. तुमच्या शाळेत पोरी गॅदरिंगला हेच बसवत्यात. माझ्या मावसबहिणीची पोरगी हाय तिथं, तिच्याकडनं कळलं. पुनव आली, पुनव आली करून नाचत्यात." तिनं पेनाचं टोपण काढलं. "एका तरी ठिकाणी माझ्या नावानं लिहिलेलं दाखवा मला. एकाच. मग बघते रविवारचं. चहा घेता का?"

"नको. एसटी जाईल."

"बरं. जपून जावा," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "नाव सांगा."

परतीच्या एसटीत उसाच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही रांगत होतो. शेजारची बाई सारखी विचारत होती, कारखाना सुरू झाला का, भाव काय निघाला. मनात मी सरांना, यांना, त्या पुण्याच्या बाईला, तालुक्याला, सगळ्यांना ऐकवत होते. पूल गेल्यावर ऐकवून झालं. उरले ती मीच. दुसऱ्यावरचा राग प्रवासात संपतो. स्वतःवरचा घरापर्यंत येतो, हात धुवायला मोरीवर येतो, ताटावरही बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्या गाण्याखाली लिहिलं. पूर्ण नावानं. लिहिलं, की हे गाणं जरीनानं निमोण्यात माझ्या कांद्याच्या रानात केलं, मी तिथंच होते, 'लाईट' हाच खरा शब्द आहे, 'पुनव' पुस्तकात मी घातली आणि 'पारंपरिक' हे मीच चुकीचं छापलं. मग पुस्तक घेऊन शाळेत गेले.

मधल्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून मराठीच्या मॅडम नाच बसवत होत्या. आठ मुली, पांढऱ्या ओढण्या, फळ्याच्या वर चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा चंद्र. मला बघून मॅडमना आनंद झाला. "मुलींनो, हे गाणं ज्यांनी शोधलं त्या काकू."

"शोधलं नाही, बिघडवलं," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या."

खडू घेतला. दोन्ही कडवी फळ्यावर लिहिली, जशी आहेत तशी. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: गीत आणि चाल, जरीना, मांडवगण फराटा. मॅडमना म्हटलं, कार्यक्रमपत्रिकेतही हेच छापायचं. त्या म्हणाल्या, "पण पुस्तकात तर..." मी पुस्तकातलं ते पान त्यांच्यासमोर पेनानं खोडलं, वर दुरुस्ती लिहिली, खाली सही केली. "आता पुस्तकातही हेच आहे," मी म्हटलं. "छापाल?" त्यांनी मान हलवली. फळ्याचा फोटो काढून जरीनाला पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं नाही.

मुली फळा वाचत होत्या. एक किडकिडीत मुलगी, तेल चोपडून दोन वेण्या घातलेली, म्हणाली, "काकू, मग पुनव कुणी घातली?"

"मी."

"का?"

मॅडम तिला गप्प करायला निघाल्या. मी म्हटलं, विचारू द्या. "लाईट गाण्यात शोभत नाही, असं मला वाटलं."

तिनं जरा विचार केला. "आमची बी ह्या आठवड्यात रातचीच हाय," ती म्हणाली. "आई जाती."

मी बाकावर चढून चंद्र काढला, मॅडमच्या हातात दिला आणि खाली उतरून तिला म्हटलं, "मग तू पुढं ये. पहिली ओळ तूच म्हण."